सकाळच्या गोळीवरचा आळ

चिचगड
२२ जून २०२५

दादा,

जय भीम. रागात असलास तरी एवढं घे, मग बाकीचं पत्र वाच नाहीतर फाड.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. पाकीट आणायला गेले तर पोस्टातले काका म्हणाले, "आता कोन लिहिते वो पत्र?" मी म्हटलं, "जिच्या भावाचा फोन लागत नाई ते लिहिते." त्यांनी पाकीट पुढे सरकवलं. मला एका पत्राला तीन-चार बैठका लागतात, ते तुला ठाऊक आहे. पण कागदाचं एक बरं असतं, मधेच कोणी फोन कापत नाही.

तुझं शेवटचं वाक्य होतं, "माझी पोरगी तुझ्यासारखी नाई होनार." मी रडले वगैरे, ते सोड. दुसऱ्या दिवशी ब्लाउजला हुक लावता लावता प्रश्न पडला, माझ्यासारखी म्हणजे नेमकी कशी? खरंच विचारते. अठ्ठावीस वर्षं झाली मी माझ्यासोबत राहते आहे, पण हे मला कोणी नीट सांगितलेलं नाही. मी वाचते, हळू वाचते. शिवण माझी चांगली आहे, गावातल्या बायका माझ्याकडेच येतात. आकडे मात्र डोक्यात थांबत नाहीत. टेपवर चौतीस पाहिले आणि कात्री उचलली की चौतीस गेले कुठल्या कुठे. म्हणून मी प्रत्येक बाईच्या मापाची दोरी ठेवते, छातीला एक गाठ, कमरेला दुसरी. तूच मला उन्हाळाभर ओट्यावर बसवून साताचा पाढा शिकवला होतास. संध्याकाळपर्यंत यायचा. सकाळी उठून बघावं तर गायब. तू चिडायचास, आणि मला वाटायचं, रात्रीतून हा पाढा जातो तरी कुठे?

आता सगळं एकदा ओळीनं लिहिते, कारण फोनवर तू, मी आणि आई तिघंही एकदम बोलत होतो.

ललिता गोंदियाला बाळंत झाली तेव्हा तिच्याजवळ आई आणि मी होतो. सकाळी उपाशीपोटी मी माझी थायरॉईडची गोळी घेताना नर्सनं पाहिलं. कधीपासून घेता, विचारलं. मी म्हटलं, वर्षाची व्हायच्या आधीपासून. तिनं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं, नवरा-बायको नात्यातले का? ललिता म्हणाली, "आत्याचाच पोरगा केला." मग तुझ्या पोरीच्या टाचेतून रक्त घेतलं, पुन्हा हातातून घेतलं. निकाल आला की गळ्यातल्या थायरॉईडमधून जो रस अंगाला मिळायला हवा, तो तिला पुरेसा मिळत नाही. रोज सकाळी एक गोळी, लगेच सुरू करायची आणि चुकवायची नाही. एवढंच.

आई दवाखान्यात गप्प होती. केशोरीला मामाच्या घरी पोचल्यावर मात्र तिनं सांगून टाकलं, "याच गोळीनं माझी अल्का मंद केली. आता नातीले नाई देऊ देत." तू आईची बाजू घेतलीस. आईनं देवाजीमामाला सांगितलं, गोळ्या चुलीत टाक. मामानं टाकल्या की नाही ते मला विचारू नकोस, बाळ केशोरीला आहे आणि मी चिचगडला.

धानाची रोवणी आटोपली की तू ललिताला आणि बाळाला हैदराबादला नेणार. मग गोळी तुझ्या हातात. म्हणून मला त्याच्या आत शोधून काढायचं आहे की आई म्हणते ते खरं का. खरं निघालं तर मीच तुला लिहीन, देऊ नकोस. माझी पण बंद करीन. तोवर ठरवून बसू नकोस.

आई बरी आहे. तुझ्या पोरीचं सोडून सगळ्या विषयांवर बोलते.

अल्का


चिचगड
६ जुलै २०२५

दादा,

उत्तर नाही, पण पाकीटही परत आलं नाही. म्हणजे मिळालं असं धरते.

मी गोंदियाला जाऊन आले. आईला सांगितलं, अस्तराचं कापड आणायचं आहे, आणि ते आणलंही. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मी आजारी नाही, मला फक्त विचारायचं आहे. त्या हसल्या आणि बस म्हणाल्या. मी सरळ विचारलं, या गोळीनं डोकं मंद होतं का?

बाई म्हणाल्या, "उलट आहे. मेंदू घडत असतो तेव्हा हा रस मिळाला नाही तर तो मागे पडतो. गोळी म्हणजे तोच रस, बाहेरून दिलेला."

"मग मी काऊन अशी?"

"तुम्हाला गोळी कधी मिळाली?"

"वर्षाची होत आली होती."

बाई म्हणाल्या की पहिल्या दोन आठवड्यांत मिळायला हवी असते. मेंदू पहिल्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त घडतो आणि त्यातही सुरुवातीचे महिने फार महत्त्वाचे, तिथं गेलेलं पुढे सगळं भरून निघत नाही. "तुमच्या अंगात थोडंफार स्वतःचं तयार होत असणार, म्हणून एवढं निभावलं. आणि तेव्हाही गोळी मिळाली नसती तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी पुरं करायला लावलंही नाही.

बाईंना शेतीचं काही माहीत नसावं, म्हणून माझ्यापुरतं मी असं समजून घेतलं. पऱ्ह्यातल्या रोपांना वेळेवर पाणी मिळालं नाही आणि मग रोवून झाल्यावर बांधीत कितीही पाणी भरलं, तर धान मरत नाही, पण लोंबही पुरती भरत नाही. तुला पटतं का बघ.

नात्यातल्या लग्नाचंही मी विचारलं. बाई म्हणाल्या, कधी कधी हे घराण्यातून येतं, दोन्हीकडून थोडं थोडं आलं तर लेकरात उमटतं. तू मामाची पोरगी केलीस तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती, घरची पोरगी घरात आली म्हणून. तिच्यासोबत हेही आलं. यात कोणाला बोल लावणार? पुढचं लेकरू झालं तर त्याचंही रक्त तपासायचं, एवढं लक्षात ठेव.

निघताना बाईंनी सांगितलं, गोळीच्या आधी तुम्ही कशा होतात ते आईला विचारा. मला ते इतकं आवडलं की बसमध्ये अस्तराचं कापड विसरत होते. त्या दिवसांबद्दल मी कधी कोणाला काही विचारलंच नव्हतं.

आई मिरच्यांची देठं काढत होती. मी जवळ बसले आणि म्हटलं, लहानपणी मी कशी होते? तिचा चेहरा उजळला, दादा.

"तू? तुझ्यासारखी गुनाची पोट्टी साऱ्या गावात नव्हती. रोवणीत मोहाच्या झाडाले लुगड्याचा झोका बांधून तुले टाकू आन् मी बांधीत उतरू. बाकीच्या बायांचे लेकरं कोकलून राहत. तू झोपली का झोपली. पाजाले उठवा लागे तुले. बाया म्हनत, रुख्मे, असी पोट्टी आमाले दे."

"आन् मंग?"

"मंग काय! ते गोळी सुरू केली आन् थोड्याच दिवसात तू रडाले लागली. रातभर रडे, हातपाय झाडे. एवढी शांत पोट्टी, बिघडवून टाकली त्या गोळीनं. मंग शाळेत गेली तं काहीच येईना."

मी पुढचे प्रश्न एकेक करून विचारले, बाईंनी सांगितलेले. अंग पिवळं फार दिवस राहिलं होतं का? होतं. अंग थंड लागायचं? हो. बेंबी बाहेर आलेली होती? आई हसली. "बोराएवढी!"

आई खोटं बोलत नाही. तिनं जे पाहिलं ते त्याच क्रमानं घडलं. शांत पोर, मग गोळी, मग रडणं, मग शाळेत नापास. या क्रमानं बघितलं तर कोणीही गोळीवरच आळ घेईल. मीही घेतला असता.

पण ते रडणं म्हणजे बिघडणं होतं की जागं होणं? आणि जागी व्हायच्या आधीच्या त्या महिन्यांत मी होते कुठे? मला काहीच आठवत नाही. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास, तुला आठवत असेल. रागावलेला असलास तरी एवढं एक लिहून पाठव.

डॉक्टरीणबाईंच्या ओळखीत एक मुलगी आहे, तिला जन्मल्यावर दुसऱ्याच आठवड्यात गोळी मिळाली. तिच्या आईवडिलांना विचारून बाई मला कळवणार आहेत. ऐकून माझं समाधान होत नाही, मला डोळ्यांनी बघायचं आहे.

अल्का


चिचगड
२० जुलै २०२५

दादा,

बघून आले.

मुलीचं नाव रुची. बारा वर्षांची, सातवीत. तिचे वडील लीलाधरजी यांचं गोंदियात सायकलींचं दुकान आहे, घर दुकानाच्या वर. तिचा जन्म मोठ्या शहरातल्या दवाखान्यात झाला, तिथं टाचेतून रक्त घ्यायची पद्धत होती, म्हणून तिचं सापडलं. लीलाधरजी म्हणाले, "हम तो मान ही नहीं रहे थे. बच्ची अच्छी-भली दिख रही थी." म्हणजे तुझ्यासारखेच होते ते. त्यांच्या बायकोनं हट्टानं गोळी दिली.

मी मोहफुलांचे लाडू नेले होते. रुचीनं एक खाल्ला, दुसरा खिशात घातला आणि मला विचारलं, "आंटी, आप भी यही गोली खाती हो?" मी पर्समधून पाकीट काढलं, तिनं कपाटातून तिचं आणलं. एकाच रंगाचं निघालं. ती एवढी खूश झाली की आईला हाका मारून दाखवलं. मग मला म्हणाली, मुझे बहुत बोर होता है रोज़ रोज़, आपको नहीं होता? मी म्हटलं, होतं की.

मी तिच्याकडं बघतच होते. कशी बोलते, कशी हसते, प्रश्न विचारल्यावर उत्तराला किती वेळ घेते. वेळ घेतच नाही ती! प्रश्न संपायच्या आत उत्तर देते, अर्धं चुकीचं देते आणि मग तेही दामटून नेते. सतराचा पाढा तिनं एका दमात म्हणून दाखवला. मी माझी मापाची दोरी दाखवली तर तिनं पट्टी आणली, गाठी मोजल्या, इंच सांगितले आणि विचारलं, मग लिहूनच का ठेवत नाही? मी म्हटलं, लिहिलेलं वाचून कापायला जाईपर्यंत ते माझ्या डोक्यातून जातं. तिनं हे मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाली, "अच्छा, तो दोरी आपका दिमाग़ है." तिच्या आईनं तिला दटावलं. मला राग आला नाही, कारण ते खरं आहे.

ती काही देवाची पोर नाही हां. दप्तर सापडेना म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं, दप्तर तिच्याच पाठीला होतं. गृहपाठावरून आईशी भांडली. एका जागी पाच मिनिटं बसली नाही. शिवायला शिकवू का म्हटलं तर तोंड वाकडं केलं. म्हणजे कशी आहे? तर तिच्या वर्गातल्या दुसऱ्या कोणत्याही पोरीसारखी आहे.

निघताना तिनं मला लुडोत हरवलं. माझा फासा पडला की मी घरं मोजायला लागायची आणि ती माझी सोंगटी बरोबर घरात नेऊन ठेवायची. "आंटी, जल्दी." तिथं मी हसले. बस स्टँडवर येऊन रडले. दादा, मला त्या पोरीचा हेवा वाटला. तिचे दोन आठवडे आणि माझं एक वर्ष, एवढाच तर फरक! गोळी तीच, रंग तोच. वाटलं, साताचा पाढा रात्रीतून कोण नेत होतं ते आज मला दिसलं.

मग बसमध्ये एक गंमत सुचली. मी तिच्यासारखी असते तर चिचगडला शिवणकाम करत बसले असते का? नसते बहुतेक. कुठंतरी दूर असते, तुझ्यासारखी, आणि घरच्यांचे फोन ब्लॉक करत असते.

रागावू नकोस, चेष्टा केली.

तर माझं उत्तर मला मिळालं. आई जे म्हणते ते खरं नाही. गोळी दोषी नाही, उशीर दोषी आहे. तुझी पोरगी माझ्यासारखी होऊ नये असं तुला वाटतं, मलाही तसंच वाटतं. म्हणूनच तिला गोळी हवी.

केशोरीची खबर अशी की बाळाचं वजन वाढतं आहे. रात्री फार रडते, मामी वैतागली आहे. जास्त काही माहीत नाही.

अल्का


केशोरी
५ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझा निरोप मिळाला. ललितानं जसाच्या तसा सांगितला, "अल्केले सांग, आईले त्रास देऊ नको." म्हणजे पत्रं वाचतोस. बरं वाटलं.

आणि त्या एका वाक्यानं माझं कोडं सुटलं. मला वाटत होतं, तुझा डॉक्टरवर भरवसा नाही. तुला डॉक्टरशी काही देणंघेणंच नाही, तू आईला जपतो आहेस. गोळी निर्दोष ठरली की मग उशीर कोणी केला हा प्रश्न येतो, आणि तो आईच्या दारात जाऊन उभा राहतो. आई एवढी वर्षं त्या गोळीला शिव्या देते ते त्यासाठीच. हे तुला केव्हाच कळलेलं असणार. तू तसाही माझ्याआधी समजतोस.

आता मी लपवलेलं सांगते. गोळी एक दिवसही बंद नव्हती. दवाखान्यातून निघाल्यापासून ललिता देते आहे. मामानं चुलीत टाकलं ते रिकामं पाकीट. तुला सांगितलं असतं तर तू सुट्टी टाकून आला असतास आणि दोघींना उचलून नेलं असतंस. शिव्या द्यायच्या तर मला दे, ललिताला नको. तिला कोणी काही समजावलं नव्हतं, तिनं फक्त डॉक्टरीणबाईंचं ऐकलं.

दरवर्षीसारखी आई मामाच्या रोवणीला आली आहे आणि तिच्यासोबत मीही. परवा दुपारी बाया बांधीतून जेवायला आल्या. आई अंगणात पायाचा चिखल धूत होती. आत पाळण्यात तुझी पोरगी रडायला लागली. भूक लागली होती, चांगली कडकडून रडत होती. आईनं तांब्या तसाच खाली ठेवला आणि चिखलाच्या पायांनी आत आली.

"असं रडनं मी ऐकलं हाये," ती म्हणाली. मग ललिताकडे बघून, "तुमी पोट्टीले गोळी देऊन राहिल्या का?"

ललितानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "हो आत्या. पहिल्यापासून."

मामा उठून बैल बघायला म्हणून बाहेर गेले. बैल विकून तीन वर्षं झाली आहेत.

मला वाटलं आता आई ओरडणार. तिनं पोरीला उचललं. उचलल्याबरोबर पोरगी गप्प झाली आणि आईच्या तोंडाकडं बघायला लागली. आईनं मान डावीकडं केली, पोरीचे डोळे डावीकडं. उजवीकडं केली, डोळे उजवीकडं. आईनं पुन्हा करून पाहिलं.

"हे मले पाहून राहिली."

"पाहतेच ना ते," ललिता म्हणाली. "हसते पन."

"दोन महिन्याची हाये ना?" आई म्हणाली. "अल्का तं..." आणि थांबली. मग हळू म्हणाली, "अल्का तं मले पाहेच नाई."

आई पोरीला घेऊन भिंतीला टेकून खाली बसली. "बाया म्हनत गुनाची पोट्टी, आन् मी हरखून जाऊ. मी तुले झोपवून ठेवली वो, अल्के."

मी काही ठरवून ठेवलं नव्हतं. पण एकदम प्रश्न सुचले. मी म्हटलं, "आई, मले दवाखान्यात कोन नेली?"

"मीच."

"बाबा काय म्हनत होते?"

"म्हनत, कायले नेतं, शांत तं हाये. पन मले वाटे, हे बसून काऊन नाई राहिली अजून. म्हनून नेली."

"तवा आपल्याकडं लेकराच्या टाचेतून रक्त घेत होते का?"

"नाई."

"मंग तुले कसं समजलं असतं? डॉक्टरीणबाईनं सांगितलं, तवाही गोळी भेटली नसती तं मी आज अशी बोलत बसली नसती. गोळीनं मले बिघडवलं नाई आन् तूही नाई. मी जेवढी हावो तेवढी तू नेलं म्हनून हावो."

आई ऐकत होती की नाही, मला कळलं नाही. ती पोरीच्या मुठीत बोट देऊन बसली होती. नंतर तिनं पोरीला ललिताकडं दिलं, "चिखल झाला साऱ्या घरात" म्हणाली, फरशी पुसली आणि बांधीत निघून गेली. जेवली नाही. त्यानंतर ती माझ्याशी, ललिताशी, मामाशी, कोणाशीच बोललेली नाही. अंधार पडेपर्यंत रोवते आणि येऊन झोपते.

तुझा निरोप मिळाल्यावरच मी आईला हा त्रास दिला. ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण पोरगी तुझ्याकडं येणार आहे, आणि तिथं तुमच्या दोघांपैकी एकानं जरी गोळी चुकवली तर तिचे हे महिने पुन्हा येणार नाहीत. आई काय म्हणेल त्यावर तू काय करशील ते ठरणार आहे, हे मला माहीत आहे. मला भीती वाटते आहे, दादा.

अल्का


केशोरी
३१ ऑगस्ट २०२५

दादा,

कालच्या फोनवर तू होतास, तेव्हा काय बोलणं झालं ते तुला माहीतच आहे. पण तुला नुसता आवाज आला. मी दाराशी उभी राहून तोंडं बघत होते, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते.

आधी हे की आई बोलायला कशी लागली. एका सकाळी ललिता गोळी देत होती. दोन चमच्यांमध्ये चुरायची, अंगावरच्या दुधाचे दोन-चार थेंब घालायचे आणि गालाच्या आतून सोडायची. आई चुलीजवळून बघत होती. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, "अशी देतेत का गोळी? अर्धी तं चमच्यालेच चिकटून राहिली." तिनं ललिताच्या हातातून चमचा घेतला, पुन्हा दोन थेंब घातले, बोटानं निपटून शेवटचा कण पोरीच्या तोंडात घातला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं. "कडू लागते का माय?" आई तिला म्हणाली. "लागू दे."

तेव्हापासून रोज आईच देते. कोणाला हात लावू देत नाही. मधे बाळाचं वजन करायला आलेल्या आशाताई लोहाच्या औषधाबद्दल बोलल्या, बाळ मोठं झाल्यावर द्यायचं म्हणून, तर आईनं त्यांना दम भरला की गोळीसोबत मिळून जमनार नाई, वेगळ्या वेळी. हे तिला मी सांगितलं होतं. तिनं लक्षात ठेवलं. तूही ठेव.

माझ्याशी त्या दिवसाबद्दल ती काही बोललेली नाही. एकदा फक्त वेणी घालून देताना विचारलं, "त्या गोंदियाच्या पोट्टीले खरंच सतराचा पाढा येते?" मी म्हटलं, एका दमात. ती म्हणाली, "हं." आणि वेणी जास्तच घट्ट घातली.

आता कालचं. तू ललिताला विचारत होतास, तिकिटं कोणत्या तारखेची काढू. आई पोरीला मांडीवर घेऊन तिची टाळू भरत होती. तिनं ललिताला फोन स्पीकरवर लावायला सांगितलं आणि तुला म्हणाली, "मी पन येऊन राहिली. पोट्टी तीन वर्षांची होयेपर्यंत गोळी मी देईन. तुम्ही दोघं कामावर जानारे लोक, विसरता. माझा तुमच्यावर भरोसा नाई."

फोन कटला असं वाटून ललितानं स्क्रीन पाहिली. मग तू "बरं" म्हणालास. दादा, तुझं ते "बरं" ऐकून ललिता तोंडावर पदर धरून रडली. ते तुला दिसलं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. तिनं एवढे दिवस एकटीनं हिंमत धरली होती.

आणि मग तू विचारलंस, "मंग अल्का? ते एकटी कशी राहील?"

तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं. बाबा गेल्यापासून आईनं मला एका रात्रीसाठीही एकटं सोडलेलं नाही. रोवणीला आली तरी मला घेऊन आली. मी गॅस बंद केला की ती उठून पुन्हा बघते. मी बसमध्ये बसले की खिडकीतून कंडक्टरला सांगते, हिले बरोबर उतरवजो. तू विचारलंस आणि माझ्या मनात आलं, झालं, आता आई म्हणणार की अल्कासाठी मला राहावं लागेल. मी तोंड उघडत होते, की नाही आई, तू जा, पोरीसाठी जा, मी करीन कसंतरी. पण मला बोलायला वेळ लागतो, आणि आई माझ्याआधी बोलली.

टाळूवरचा हात न थांबवता ती म्हणाली, "राहील ना. कायले नाई राहनार? तिले सारं समजते. वेळ लागते, एवढंच."

तिनं माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. पोरीच्या कानामागचं तेल पुसलं आणि तुला तिकिटाचं विचारायला लागली. माझ्या हातात ओले कपडे होते, त्यांचं पाणी माझ्या पायांवर गळत होतं. दादा, माझ्याबद्दल आईनं असं कोणाला सांगितलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

तुझी,
अल्का